टाकी उंच करण्याचा ठराव

आमच्या बाथरूममधल्या शॉवरमधून पाण्याच्या तीन धारा पडतात. त्यांतली एक भिंतीवर जाते. उरलेल्या दोन डोक्यावर पडतात असे म्हणायची पद्धत आहे, पण पडणे हा शब्द त्यांच्यासाठी जरा जास्तच आहे. त्या थांबत, विचार करत, आपल्याला वेळ मिळेल तशा उतरतात.

एरवी या शॉवरकडे कोणी लक्ष दिले नसते. घरात बादली आहे, मग आहे, आणि डोक्यावर पाणी ओतायला कोणाला पदवी लागत नाही. पण आईचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिले, व्यायामाचा कागद दिला आणि बरा व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल असे अगदी आनंदाने सांगितले. डावा हात ठणठणीत आहे. पण एकाच हाताने डोक्यावर पाणी ओतायचे आणि त्याच वेळी त्याच हाताने केस चोळायचे, हे अजून कोणाला जमलेले नाही. नीट चालणारा शॉवर असता तर पाण्याची बाजू त्याने सांभाळली असती. तो तसा नसल्यामुळे आईचे केस मी धुऊन देत असे, आणि आईला ते मुळीच सहन होत नसे.

"मान खाली घाल," मी म्हणायचे.

"घातलीय."

"अजून."

"अजून घातली तर नाक बादलीत जाईल. मुख्याध्यापिका होते मी. चारशे पोरं माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहायची." मग डोळ्यांत साबण गेला की ती मुद्द्यावर यायची. "मला माझे केस माझ्या हाताने धुवायचेत. एवढं शिकलीस ना तू? मग कर की काहीतरी."

शिकले हे खरे आहे. पदार्थविज्ञानात पदवी आहे, आणि गुणही चांगले आहेत. हे मी स्वतःच सांगते, कारण आमच्या इमारतीत दुसरे कोणी सांगत नाही. तिथे मला 'फूटपट्टी' म्हणतात. माझ्या पर्समध्ये नेहमी मोजायची टेप असते, एवढेच माझे पाप.

मी टेप घेऊन गच्चीवर गेले. पाण्याचा दाब काढायचे सूत्र नववीच्या पुस्तकात असते: पाण्याची घनता, गुणिले गुरुत्वाकर्षणाचा आकडा, गुणिले उंची. घनता बदलणे आपल्या हातात नाही. गुरुत्वाकर्षण बदलायला दुसऱ्या ग्रहावर राहायला जावे लागेल, आणि तिथे पाण्याची सोय आणखी वाईट आहे. राहिली उंची. म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी आणि शॉवर यांच्यामधले उभे अंतर. ते आमच्या नशिबी जेमतेम दोन मीटर होते, कारण आम्ही सर्वांत वरच्या, चौथ्या मजल्यावर राहतो आणि टाकी गच्चीवर दोन विटांच्या ओट्यावर बसलेली आहे. शॉवरच्या खोक्यावर मात्र छापले होते की किमान पाच मीटर हवेत. पाचातून दोन गेले, तीन राहिले. टाकी तीन मीटर वर उचलायची. इतके साधे.

घरातच छोटी मोटार का बसवली नाही, असे कोणी विचारेल. तिसऱ्या मजल्यावर एकाने ती बसवली होती. त्यावरून आपले पाणी ओढले जाते असा दुसऱ्या मजल्याला संशय आला, दोन घरांनी एकमेकांशी बोलणे टाकले आणि कमिटीने घरगुती मोटारींवर बंदी घातली. मोटार गेली. बोलणे अजून परत आलेले नाही.

"हे अध्यक्षांना सांगू नकोस," बाबा म्हणाले.

"का?"

"त्यांना सांगितलेलं आवडत नाही."

कमिटीचे अध्यक्ष तळमजल्यावर राहतात. जन्मभर एका गोदामाचे व्यवस्थापक होते, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न मोठी जागा घेऊन सुटतो अशी त्यांची खात्री आहे. वरच्या मजल्यांवर पाण्याला जोर नाही, ही तक्रार त्यांच्या कानावर होतीच. त्यांनी उपायही शोधला होता. दुप्पट मोठी टाकी आणायची. टाकी दुप्पट, म्हणजे जोर दुप्पट. या उपायाला इमारतीतल्या एकाही माणसाने हरकत घेतली नव्हती. त्यांत दोन पदवीधर, एक वकील आणि बँकेतून निवृत्त झालेले माझे वडील आहेत.

सभा खाली गाड्या लावतात तिथे भरली. मी सूत्राने सुरुवात केली नाही. सूत्र ऐकले की लोकांचा चेहरा दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखा होतो, हे मला माहीत आहे. मी एक अरुंद बाटली आणि एक तेलाचा रुंद डबा नेला. दोन्हींना तळापासून सारख्या उंचीवर एकाच खिळ्याने भोक पाडले, दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरले आणि बोटे काढली. दोन्ही धारा सारख्याच लांब गेल्या. अगदी सारख्या. अध्यक्षांची उजवी चप्पल बाटलीने भिजवली आणि डावी डब्याने.

"बघितलंत? डबा मोठा आहे म्हणून धार काही लांब गेली नाही," मी म्हटले. "जोर उंचीवर असतो."

मला वाटले, विज्ञानाचा विजय झाला. मग अध्यक्ष पाय झटकत म्हणाले, "पण बाटली लवकर संपली. डब्याचं पाणी अजून चाललंय."

"हो, पण—"

"म्हणजे मोठी टाकीच बरी."

"काका, किती वेळ चालतं हा प्रश्नच नाही. किती जोरात पडतं, हा आहे."

"जास्त वेळ पडलं की माणूस भिजतोच ना आपोआप?"

यावर टाळ्या पडल्या. शेवटी मला यश आले ते सूत्रामुळे नाही. नव्या टाकीपेक्षा लोखंडी स्टँड स्वस्तात पडेल, असे मी एकदा पुटपुटले, आणि माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातले तेवढेच एक वाक्य सर्वांना पहिल्या फटक्यात कळले.

तोवर दुसऱ्या मजल्यावरचे अनुभवकाका उठून उभे राहिले होते. ते घरे बांधून देण्याचा धंदा करतात आणि प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव आहे' असे सुरू करतात. "माझा अनुभव आहे," ते म्हणाले, "स्टँडला हलकं लोखंड चालतं. पाण्याला काय वजन? ते तर वाहून जातं."

त्यांनी बांधलेल्या घरांत माणसे राहतात, हे मला आठवले. मी तिथल्या तिथे हिशोब केला. टाकी गोल, व्यास दीड मीटर, उंचीही दीड. त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले उंची. घनफळ साधारण दोन हजार सहाशे पन्नास लिटर. एका लिटरचे वजन एक किलो. म्हणजे अडीच टनांच्याही वर.

"अडीच टन!" वकीलबाई किंचाळल्या. "आमच्या डोक्यावर?"

"ती टाकी कधीपासून तिथेच आहे," मी म्हटले.

"पण तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं!"

त्या रात्री इमारतीतले निम्मे लोक म्हणे नीट झोपले नाहीत. अज्ञानात माणूस इतका निर्धास्त झोपतो, हे मला कोणी शाळेत शिकवले नव्हते. शेवटी स्टँडचे पाय खांबांच्या बरोबर वर यावेत आणि लोखंड जाड असावे, असे ठरले. "हे मी म्हणणारच होतो," असे अनुभवकाका म्हणाले.

मग परवानगी. टाकी वर गेली की इमारतीची उंची वाढते, आणि उंची वाढली की पालिकेला कळवावे लागते. हे काम अर्थातच माझ्याकडे आले, कारण माझ्याकडे टेप होती.

पालिकेच्या खिडकीतल्या बाई भल्या होत्या. भली माणसे जास्त वेळ खातात. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. त्यात टाकीची लांबी, रुंदी आणि उंची यांसाठी तीन चौकोन होते.

"टाकी गोल आहे," मी म्हटले.

"हो का?" बाई म्हणाल्या. "मग लांबी लिहा."

"गोलाला लांबी नसते. व्यास असतो."

"व्यासाला चौकोन नाहीये, ताई. तुम्ही असं करा, तो जो काय व्यास आहे तो लांबीत लिहा. आणि रुंदीतही तोच लिहा."

"तसं केलं तर गोल टाकी चौकोनी होते. घनफळ सव्वापटीहून जास्त येतं."

"येऊ द्या की. आपल्याला काय ती खांद्यावर घ्यायची आहे?"

मी लिहिले. कंटाळून लिहिले, आणि त्याची शिक्षा तिथेच झाली. दीड गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे तीन हजार तीनशे पंच्याहत्तर लिटर. आणि तीन हजारांच्या वर गेले की अर्ज दुसऱ्या मजल्यावर जातो. तिथे अग्निशमनवाल्यांचे पत्र मागतात. पाण्याच्या टाकीला आग लागू नये म्हणून ते पत्र लागते की लागली तर विझवायला पाणी असावे म्हणून, हे त्या मजल्यावर कोणालाच सांगता आले नाही.

मी परत खिडकीशी आले. "मग कमी लिहा," बाई म्हणाल्या. "सव्वा लिहा. कोण बघतंय?"

कोण बघतंय! मी बघत होते. मला खोटा आकडा लिहिता येत नाही. तत्त्वाचा प्रश्न नाही, हात वळत नाही. मी बाकावर बसून गोलाइतकेच क्षेत्रफळ असलेल्या चौरसाची बाजू काढली. ती एक मीटर तेहेतीस सेंटीमीटर येते. लांबी एक तेहेतीस, रुंदी एक तेहेतीस, उंची दीड. घनफळ अगदी खरे, टाकी अगदी खोटी. बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "बघा, आली की नाही लांबी?"

आठवड्यातच पालिकेचे मोजणीसाहेब तपासायला आले. हातात अर्जाची प्रत. टाकीभोवती त्यांनी एक फेरी मारली, मग उलटी फेरी मारली.

"कोपरे कुठे आहेत?"

"नाहीत," मी म्हटले. "साहेब, टाकी गोल आहे. पण घनफळ—"

"अर्जात लांबी-रुंदी आहे."

"ती समान क्षेत्रफळाच्या चौरसाची आहे."

त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. अशी माणसे त्यांना आठवड्यातून एखादी भेटत असावीत. मग टाकीच्या झाकणावर टेप धरून त्यांनी माप घेतले. दीड मीटर. त्यांनी मान हलवली. टेप जरा कडेकडे सरकवली, अजून जरा सरकवली, आणि मध्यापासून दूर एका ठिकाणी ती बरोबर एक मीटर तेहेतीस भरली. "हं," ते म्हणाले, "आहे." मग काटकोनात फिरून तोच प्रकार पुन्हा केला. कुठल्याही वर्तुळात व्यासाहून लहान हवी ती लांबी सापडते, हे भूमितीतले सत्य शासकीय कामकाजाला इतके उपयोगी पडत असेल याची मला कल्पना नव्हती. परवानगी मिळाली.

स्टँड उभा राहिला. टाकी रिकामी करून, दोर लावून, "हळू रे, हळू रे" असे ओरडत ती वर चढवली गेली. ओरडण्याचे काम अनुभवकाकांनी पाहिले. प्लंबरने वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन्ही पाइप तीन-तीन मीटर वाढवले. हा प्लंबर मितभाषी आहे. त्याच्याकडे रोगाचे एकच निदान आहे: हवा धरली आहे. नळ गळत असेल, हवा. नळ बंद असेल, हवा. एकदा त्याची स्वतःची मोटरसायकल सुरू होईना, तेव्हाही तो खाली वाकून काही वेळ ऐकत होता आणि मला माहीत आहे तो काय म्हणाला असेल.

आईने नवा टॉवेल काढून ठेवला. साबणही नवा आणला. "आज तू बाहेर बस," ती मला म्हणाली. "दाराशीसुद्धा थांबायचं नाही."

खाली मोटार सुरू झाली. टाकी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. तेवढाच आणखी गेला. मोटार घुंई घुंई करत होती आणि टाकीत टिपूस नव्हता.

"हवा धरली आहे," प्लंबर म्हणाला.

मी मोटारीशी उभी होते. तिच्या पोटावर एक पत्र्याची पाटी असते. ती वाचायची असते, हे मला तेव्हा सुचले. त्यावर लिहिले होते: कमाल उंची एकवीस मीटर. जमिनीखालच्या हौदातल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत आधी एकोणीस मीटर होते. आता बावीस झाले होते.

मी खाली येणारे पाणी मोजले होते. वर जाणारे पाणी मोजलेच नव्हते. सूत्र तेच, घनता तीच, गुरुत्वाकर्षण तेच. फक्त पाणी आधी वर जावे लागते आणि मगच खाली येते, ही गोष्ट, जी दुसरीतले पोर सांगेल, ती माझ्या चार पानांच्या हिशोबात कुठेच नव्हती.

मी जिने चढून गच्चीवर गेले, स्टँडच्या शिडीवर चढले. डोक्यावर ऊन तापलेले. टाकीच्या तोंडाशी वाढवलेल्या लोखंडी पाइपला हात लावला. चटका बसला. हात खाली खाली सरकवत नेला. गरम, गरम, गरम, आणि एकदम गार. पाणी तिथपर्यंत आले होते. मी टेप काढली. टाकीच्या तोंडाखाली एक मीटर आणि वर एक वीत. म्हणजे एकवीस मीटरांना पाणी येऊन शिस्तीत उभे होते, आणि वितीचा फरक जुन्या मोटारीचा. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, आणि मला अभिमान वाटला. इतकी बिनचूक चूक या इमारतीत आजवर कोणी केली नसेल.

मी सर्वांना वर बोलावले. अध्यक्ष, अनुभवकाका, वकीलबाई, प्लंबर, सगळे आले. मी पाइप दाखवला. "माझी चूक झाली," मी म्हटले. "मोटारीची ताकद मी बघितली नाही. पाणी इथेच थांबतंय. हात लावून बघा, इथे गार आहे आणि इथे गरम."

सगळ्यांनी एकेक करून हात लावला. "गरम आहे," अध्यक्ष म्हणाले.

"हो, कारण तिथे पाणी नाही. तिथे नुसती हवा आहे."

"तेच तर मी म्हणतोय," प्लंबर म्हणाला.

त्यानंतर जे झाले ते मी जन्मात विसरणार नाही. माणसाला दोष दिला तर तो सहन करता येतो. माझ्या बाजूने बोलले गेले. "पोरीचं काही चुकलं नाही," अध्यक्ष इतरांना समजावू लागले. "उगाच मनाला लावून घेते. हवा आहे." "माझा अनुभव आहे," अनुभवकाका म्हणाले, "चूक वेगळी असते. ही हवा आहे." मी पुन्हा सांगितले, आकड्यांसह सांगितले, पाटीही वाचून दाखवली. वकीलबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पाणी पी जरा." आयुष्यात एकदा मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, आणि ती कोणाला समजली नाही.

प्लंबर पाइपातली हवा काढत राहिला. हवा संपेना. तोवर पाच मजल्यांचे लोक हौदातून बादल्यांनी पाणी नेऊ लागले. जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, "काय फूटपट्टी, किती मीटर राहिलं?" जास्त ताकदीची मोटार घ्या म्हटले, तर अध्यक्ष म्हणाले, "मोटार चांगली आहे. आवाज ऐकला नाहीस का?" बाबांनी माझ्याशी बोलताना आवाज खाली आणला. घरात कोणी आजारी असल्यासारखा.

आई डाव्या हातात छोटी बादली घेऊन चार मजले उतरायची आणि चढायची. मी नको म्हटले की म्हणायची, "तू तुझी मोजत बस." नवा टॉवेल घडी घातलेलाच होता.

शेवटी हवेलाच कंटाळून टाकी पुन्हा विटांच्या ओट्यावर उतरवण्यात आली. पाणी आले. तीन धारा आल्या, त्यांतली एक भिंतीवर गेली. रिकाम्या स्टँडवर लोक चादरी वाळत घालू लागले, आणि तो वाळवणाला उत्तम आहे असे सर्वांचे एकमत झाले. माझ्या कुठल्याही कामाला आजवर मिळालेली ही एकमेव दाद.

रविवारी मी पाण्याचा मग घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी राहिले. आई घरात नव्हती. बाबा पेपरच्या आडून म्हणाले, "खाली गेलीय."

बऱ्याच वेळाने आई आली. केस ओले, चेहरा लाल, पाठीवर टॉवेल. ओठांवर एक हसू, जे मी तिच्या निवृत्तीच्या समारंभानंतर पाहिले नव्हते.

"कुठे होतीस?"

"अध्यक्षांकडे. त्यांची बायको म्हणाली, बादल्या वाहत काय बसता, आमच्याकडे या अंघोळीला. अगं, काय शॉवर आहे त्यांचा! पाठीवर फटके मारल्यासारखं पाणी येतं. पाणी ते बघतं, केस मी बघते. दोनदा साबण लावला."

मी कागद घेतला. गरज नव्हती, पण हात शिवशिवतो. टाकीपासून तळमजल्याच्या शॉवरपर्यंत चौदा मीटर. आमच्या सातपट. उंचीतला फरक वाढवायचा होता, आणि फरकाला दोन टोके असतात. वरचे टोक हलवायला मी एक इमारत, एक पालिका आणि अडीच टन पाणी कामाला लावले. आईने खालचे टोक हलवले. चप्पल घालून, जिन्याने.

"सातपट आहे," मी कागद दाखवत म्हटले.

"जास्त वाटलं मला," आई म्हणाली.

तेव्हापासून आई रोज सकाळी खाली जाते. केस रोज धुवायचे नसतात, पण अंघोळ असते, आणि अंघोळीनंतर काकूंशी गप्पा असतात, चहा असतो. त्या दोघींनी इतकी वर्षे एकमेकींना जिन्यात नुसती मान हलवली होती. आता त्या अध्यक्षांच्या स्वयंपाकघरात बसून सगळ्या इमारतीचे वाभाडे काढतात. अध्यक्ष त्या वेळी अंगणात फेऱ्या मारतात. बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात दाढीचा ब्रश.

"तुमच्या आईंना अजून किती वेळ लागेल?" त्यांनी एकदा मला अदबीने विचारले. फूटपट्टी म्हणाले नाहीत.

"सांगता येत नाही, काका. तुमच्याकडे पाण्याला फार जोर आहे. जोर असला की माणूस रमतो."

ते गंभीर झाले. दोनचार दिवस गंभीर राहिले. मग एका संध्याकाळी तातडीची सभा बोलावल्याची चिठ्ठी प्रत्येक दारात आली.

"मी बराच विचार केला," अध्यक्ष सभेत म्हणाले. "टाकी मोठी असून उपयोग नाही. जोर उंचीवर असतो." त्यांनी सर्वांकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. "तेव्हा स्टँड आहेच, टाकी त्यावर चढवू. मोटार कमी ताकदीची पडते आहे, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. नवी घेऊ. वरच्या मजल्यावरच्या भगिनींना आपापल्या घरी, आपापल्या बाथरूममध्ये, भरपूर पाणी मिळालं पाहिजे. हा त्यांचा हक्क आहे."

"माझाही हाच अनुभव आहे," अनुभवकाका म्हणाले. प्लंबर दाराशी उभा होता. हवेचा विषय कोणी काढला नाही. मी खुर्चीत ताठ बसले होते. माझे सूत्र, माझी चूक आणि माझी दुरुस्ती, तिन्ही एका गोदामाच्या व्यवस्थापकाच्या तोंडून येत होती, आणि लोक माना डोलावत होते. तरी म्हटले, जाऊ दे. टाकी वर जाऊ दे. आई आपल्या घरात, दार लावून, आपले केस आपण धुऊ दे. त्यासाठीच तर सगळे होते.

"ठरावाच्या बाजूने?" अध्यक्षांनी विचारले.

सगळे हात वर झाले. बाबांचा झाला. माझा सर्वांत आधी झाला.

"विरोधात कोणी नसेल असं धरून—"

"थांबा," मागून आवाज आला. चारशे पोरांना गप्प करणारा आवाज. काकूंच्या शेजारच्या खुर्चीत आई बसली होती, आणि तिने हात वर केला होता. डावा.

"अहो, पण हे तुमच्यासाठीच चाललंय!" अध्यक्ष रडवेले झाले.

"कशाला एवढा खटाटोप?" आई म्हणाली. "माझं छान चाललंय."

शेजारी काकूंनीही हळूच हात वर केला.